बजेटमध्ये फ्लाइट सिम्युलेटरसाठी पहिला कॉम्प्युटर: आधी प्रोसेसर, मग बाकीचं

माझ्या पहिल्या असेंबल्ड कॉम्प्युटरचे अर्ध्याहून जास्त पैसे एकट्या ग्राफिक्स कार्डात गेले होते. समुद्रावरून, डोंगरावरून विमान मस्त उडायचं. पण मोठ्या विमानतळाजवळ आलं, चाकं खाली सोडली, फ्लॅप उघडले, की चित्र अडखळायला लागायचं. धावपट्टीला टेकण्याच्या नेमक्या क्षणी पडदा गोठायचा आणि पुढचं चित्र दिसायचं तेव्हा विमान गवतात. ग्राफिक्सच्या सेटिंग एकेक करत तळाला नेल्या, फरक शून्य. शेवटी कुणीतरी सांगितलं म्हणून सिम्युलेटरमधला डेव्हलपर मोड चालू केला आणि फ्रेमचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याचा, आकडा दाखवणारी चौकट उघडली. तिच्यात एक ओळ होती: 'लिमिटेड बाय मेनथ्रेड'. ग्राफिक्स कार्ड निवांत बसलं होतं आणि प्रोसेसरला घाम फुटला होता. नाकापेक्षा मोती जड!

तेव्हा जे कळलं ते आधी कळलं असतं तर त्याच पैशात दुप्पट समाधान मिळालं असतं. म्हणून हे लिहितोय. तुम्ही आजवर स्क्रूड्रायव्हर हातात धरला नसेल असं गृहीत धरलंय.

एक गोष्ट आधी समजून घ्या. विमानाचं उड्डाणगणित, ऑटोपायलट, कॉकपिटमधले पडदे, आजूबाजूची इतर विमानं, खालच्या जमिनीची जुळवाजुळव, यातलं बरंचसं काम प्रोसेसरच्या एकाच मुख्य धाग्यावर, म्हणजे मेन थ्रेडवर, चालतं. सेकंदाला ३० फ्रेम हव्या असतील तर प्रत्येक फ्रेमसाठी जेमतेम ३३ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात तो धागा मोकळा झाला नाही, तर ग्राफिक्स कार्ड कितीही भारी असो, ते वाट बघत बसतं. त्यामुळे नेहमीच्या गेमिंग पीसीचे सल्ले इथे अर्धेच लागू पडतात.

## १. आधी सिम्युलेटर ठरवा, मग सुटे भाग

'सगळं चालेल असा' कॉम्प्युटर बजेटमध्ये होत नाही. काय उडवायचंय ते ठरवा.

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरच्या २०२० आणि २०२४ अशा दोन आवृत्त्या चालू आहेत. २०२० ला डिस्कवर १५० जीबी जागा लागते. २०२४ साठी ५० जीबी सांगितली आहे, कारण तिच्यात बराचसा माल उडता उडता इंटरनेटवरून येतो. म्हणजे जागा वाचली तरी इंटरनेट चांगलं हवं. तिच्या शिफारशीत ३२ जीबी रॅम आणि ५० एमबीपीएसचं कनेक्शन आहे. एक्स-प्लेन १२ विंडोजबरोबरच मॅक आणि लिनक्सवरही चालतं आणि त्याचा डेमो फुकट मिळतो. लढाऊ विमानांची आवड असेल तर डीसीएस वर्ल्ड. मूळ खेळ फुकट, पण नकाशे आणि विमानं वाढवत गेलात की डिस्क कधी भरली कळत नाही. फ्लाइटगिअर पूर्णपणे मोफत आणि मुक्त आहे, जुन्या मशीनवरही तग धरतं.

घरात कुठलाही बरा कॉम्प्युटर असेल तर त्याच्यावर आधी फ्लाइटगिअर किंवा एक्स-प्लेनचा डेमो टाका आणि आठवडाभर कीबोर्ड-माउसवर का होईना, उडवा. सेसना १७२ घेऊन विमानतळाभोवती एक चक्कर मारून उतरण्यात मजा वाटली, तर पुढचा खर्च करा. तिसऱ्या दिवशी कंटाळा आला, तर पैसे वाचले.

## २. दुसरा निर्णय मॉनिटरचा

लोक मॉनिटर शेवटी घेतात. खरं तर ग्राफिक्स कार्ड कोणतं लागेल, हे मॉनिटर ठरवतो. १०८० पी म्हणजे सुमारे २१ लाख ठिपके, १४४० पी म्हणजे सुमारे ३७ लाख, आणि ४के म्हणजे सुमारे ८३ लाख, १०८० पीच्या बरोबर चौपट. हा सगळा बोजा ग्राफिक्स कार्डावर पडतो, प्रोसेसरला त्याचं फारसं सोयरसुतक नसतं. बजेट तंग असेल तर १०८० पी, थोडं ताणता आलं तर १४४० पी. १४४० पीवर कॉकपिटमधले आकडे वाचायला डोळे बारीक करावे लागत नाहीत, हा त्याचा खरा फायदा. ४के पहिल्या मशीनसाठी विसरा.

रिफ्रेश रेटच्या, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो त्या आकड्याच्या, मोहात पडू नका. गोळीबाराच्या खेळात १४४ फ्रेम लागतात. विमान उडवताना ३० ते ४० फ्रेम जर *सलग आणि एकसारख्या* मिळाल्या, तर डोळ्यांना पुरेसं वाटतं. सरासरी ६० आणि मध्येच १२ वर आपटणारं मशीन त्याहून वाईट.

## ३. पैशांची वाटणी

पहिल्यांदा जॉयस्टिकचे पैसे बाजूला काढून ठेवा. दहातला एक भाग तरी. सगळं मशीन जोडून झाल्यावर खिशात काही उरत नाही आणि मग बोइंग कीबोर्डच्या बाणांनी उतरवायची वेळ येते. मी तीन महिने हेच केलंय.

उरलेल्या पैशांसाठी माझा एकच नियम आहे: प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम या त्रिकुटावरचा एकत्रित खर्च ग्राफिक्स कार्डाच्या खर्चापेक्षा कमी होऊ द्यायचा नाही. कमी होतोय असं दिसलं, तर कार्ड एक पायरी खाली आणा. कॅबिनेटच्या रंगीत दिव्यांवर खर्च करायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

## ४. भाग निवडताना

प्रोसेसर. इथे कोअरची संख्या बघायची नाही. सहा कोअर पुरतात. एक कोअर किती वेगाने काम उरकतो आणि प्रोसेसरच्या पोटात कॅश, म्हणजे आतली जलद मेमरी, किती आहे, हे बघायचं. एएमडीच्या नावात 'एक्स३डी' असलेल्या प्रोसेसरमध्ये कॅशचा एक जादा थर रचलेला असतो. रायझन ५ ५६०० मध्ये एल३ कॅश ३२ एमबी आहे. २०२२ साली आलेल्या ५८००एक्स३डीमध्ये ९६ एमबी. सिम्युलेटरला लागणारी माहिती रॅमपर्यंत हेलपाटे न घालता जवळच सापडते, म्हणून या प्रोसेसरचा फायदा इतर खेळांपेक्षा इथे जास्त जाणवतो.

एक्स३डी परवडत नसेल, आणि पहिल्या मशीनला बहुधा नाहीच परवडत, तर दोन वाटा आहेत. एक, एएम५ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा) मदरबोर्ड आणि त्यावर रायझन ५ ७६०० सारखा सहा कोअरचा प्रोसेसर. दोन वर्षांनी पैसे साठले की त्याच बोर्डावर एक्स३डी बसवायचा. दुसरी वाट आणखी स्वस्त: जुना एएम४ सॉकेट, डीडीआर४ रॅम, रायझन ५ ५६००. या सॉकेटची गाडी पुढे जाणार नाही, पण ५७००एक्स३डी किंवा ५८००एक्स३डी वापरलेला मिळाला तर त्यावर चांगलं मशीन उभं राहतं. माझं आत्ताचं असंच आहे. इंटेलकडे जायचं तर कोअर आय५ १२४०० च्या दर्जाचा प्रोसेसर सुरुवातीला पुरतो.

सापळा: 'आय७ आहे, स्वस्तात देतो' असं म्हणून कुणी आठ-दहा वर्षांपूर्वीचा प्रोसेसर गळ्यात मारेल. नावातला सात महत्त्वाचा नाही, पिढी महत्त्वाची. दोन वेगळ्या पिढ्यांचे गिगाहर्ट्झचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका, त्यातून काही कळत नाही.

ग्राफिक्स कार्ड. वेगापेक्षाही त्याच्यावरची मेमरी बघा. ८ जीबी हा किमान आकडा, १२ असेल तर उत्तम. मोठं प्रवासी विमान, तपशीलवार विमानतळ आणि ढगाळ हवा एकत्र आली की ८ जीबी भरते आणि मग आचके सुरू होतात. आरटीएक्स ३०६० हे कार्ड १२ जीबी आणि ८ जीबी अशा दोन रूपांत येतं. ८ जीबीचं मेमरीच्या मार्गातही अरुंद आहे, १९२ ऐवजी १२८ बिट. नाव तेच, माल वेगळा. खोक्यावरचा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि कार्डाची लांबी मिलिमीटरमध्ये बघून ती कॅबिनेटमध्ये मावते का, तेही.

रॅम. ३२ जीबी, १६ च्या दोन पट्ट्या. एकच पट्टी घेतलीत तर ड्युअल चॅनल, म्हणजे माहितीला एकाच वेळी दोन मार्ग, मिळत नाही आणि प्रोसेसर उपाशी राहतो. १६ जीबीवर सिम्युलेटर चालतो, पण बाजूला नकाशे उघडायला ब्राउझर चालू केलात की दम लागतो.

एसएसडी. एक टीबीची एनव्हीएमई, म्हणजे थेट मदरबोर्डावर बसणारी वेगवान पट्टी. सर्वात वेगवान घेण्याची गरज नाही. त्याने लोड व्हायचा वेळ जरासा घटतो, फ्रेम वाढत नाहीत. सिम्युलेटर हार्ड डिस्कवर टाकू नका.

पॉवर सप्लाय, म्हणजे ज्याला आपण एसएमपीएस म्हणतो तो. वर सांगितलेल्या प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाच्या जोडीला ६५० वॉट पुरतात. '८० प्लस' ही खूण वीज किती वाया जात नाही एवढंच सांगते, आतला माल कसा आहे ते सांगत नाही. त्यामुळे नुसती खूण बघून न घेता त्या नेमक्या मॉडेलची तपासणी करणारी परीक्षणं वाचा. कॅबिनेटसोबत फुकट येणारा सप्लाय वापरू नका.

वापरलेला माल घ्यायचा तर माझं मत असं: प्रोसेसर बिनधास्त घ्या, तो सहसा बिघडत नाही, फक्त पिना वाकलेल्या नाहीत ना ते भिंगातून बघा. ग्राफिक्स कार्ड समोर अर्धा तास पूर्ण भाराखाली चालवून दाखवलं तरच. पॉवर सप्लाय कधीच नाही.

## ५. जोडायला बसण्याआधी हे जवळ हवं

- दोन नंबरचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, शक्यतो चुंबकीय टोकाचा
- थर्मल पेस्टची छोटी नळी (कूलरला आधीच लावलेली असली तरी)
- केबल बांधायच्या पट्ट्या आणि मोबाइलचा टॉर्च
- किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह, दुसऱ्या कॉम्प्युटरवर विंडोजचा इन्स्टॉलर भरून
- दुसऱ्या पेनड्राइव्हवर मदरबोर्डचा लॅन-वायफाय ड्रायव्हर आणि ताजी बायोस फाइल (बायोस म्हणजे मदरबोर्डमधला मूळ प्रोग्रॅम)
- मदरबोर्डचं माहितीपत्रक. हे फेकू नका!
- सगळी बिलं, आणि प्रत्येक भागाच्या सीरियल नंबरचा फोटो. कार्ड कॅबिनेटमध्ये गेलं की तो नंबर दिसत नाही आणि वॉरंटीसाठी पहिला प्रश्न तोच येतो.

लॅनचा ड्रायव्हर का, असं वाटेल. नवीन विंडोज बसवताना कधीकधी नेटवर्कच ओळखलं जात नाही आणि इन्स्टॉलर इंटरनेट मागत अडून बसतो.

## ६. जोडणी

मदरबोर्ड आधी त्याच्याच खोक्यावर ठेवा आणि प्रोसेसर, कूलर, रॅम, एसएसडी तिथेच बसवा. कॅबिनेटच्या आत हात घालून हे करणं म्हणजे बरणीत हात घालून सुई ओवणं.

प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा छोटा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा आणि प्रोसेसर नुसता *ठेवा*. एएम४ मध्ये तो आपसूक आत बसतो. दाबावं लागतंय असं वाटलं तर दिशा चुकली आहे. एएम५ आणि इंटेलमध्ये पिना बोर्डावर असतात, तिथे बोटही लावायचं नाही. पेस्ट वाटाण्याएवढी. कूलरच्या तळाला प्लॅस्टिकची पारदर्शक फिल्म असेल तर काढा. हसू नका, ही फिल्म न काढता चालवलेली मशीन मी स्वतः उघडली आहेत.

कूलर काढण्याची वेळ कधीतरी येईलच, तेव्हाचं आत्ताच सांगून ठेवतो. मी नवा प्रोसेसर बसवायला जुना कूलर सरळ वर ओढला. पेस्ट सुकून गोंदासारखी झाली होती, त्यामुळे सॉकेट बंद असतानाच प्रोसेसर कूलरला चिकटून उपसून वर आला. दोन पिना आडव्या. मेकॅनिकल पेन्सिलमधलं शिसं काढून तिच्या पोकळ टोकात एकेक पिन घेतली आणि श्वास रोखून सरळ केली. एक तास गेला. करायचं असं असतं: मशीन दहा मिनिटं चालवून गरम करायचं, बंद करून प्लग काढायचा, कूलर मोकळा करून डावी-उजवीकडे हलकेच पिळायचा, मग उचलायचा. आणि नव्या प्रोसेसरसाठी बायोस आधीच अद्ययावत करायचं, जुना काढल्यावर नव्हे.

रॅमच्या पट्ट्या चार खाचांपैकी प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, 'टक्' आवाज येईपर्यंत. एनव्हीएमईच्या टोकाचा स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढा असतो. तो पाकिटातून काढताना खाली पांढरं कापड अंथरा.

कॅबिनेटमध्ये बोर्ड ठेवण्याआधी मागची पत्र्याची पट्टी, म्हणजे आयओ शील्ड, बसवली का? ती विसरून सगळे स्क्रू पुन्हा काढण्याचा मान बहुतेकांना एकदा मिळतो. बोर्डाखाली पितळी आधारखिळे फक्त जिथे बोर्डाला भोकं आहेत तिथेच हवेत. एखादा जास्तीचा राहिला तर बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट होऊ शकतं.

वायर लावताना दोन धोके. प्रोसेसरचा आठ पिनांचा प्लग आणि ग्राफिक्स कार्डाचा आठ पिनांचा प्लग सारखे दिसतात, पण एक नाहीत. वायरीवर सीपीयू किंवा पीसीआयई असं लिहिलेलं असतं, ते वाचा; जोर लावून कुठेही घुसवू नका. दुसरं, मॉड्युलर, म्हणजे वायरी सुट्या होणाऱ्या, सप्लायला त्याच्याच वायरी वापरा. जुन्या सप्लायची वायर नव्याला बसते, पण आतल्या जोडण्या वेगळ्या असू शकतात, आणि मग डिस्क किंवा बोर्ड जळतो.

पॉवर बटणाच्या बारीक वायरी कुठे लावायच्या ते माहितीपत्रकात चित्रासह असतं. डोकं शांत ठेवून लावा.

## ७. पहिल्यांदा बटण दाबताना

मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही, ग्राफिक्स कार्डाला. 'एवढं करून फ्रेम येतच नाहीत' या तक्रारीमागे ही केबल निघण्याचं प्रमाण लाजिरवाणं आहे.

एएम५ वर पहिल्या सुरुवातीला काही मिनिटं पडदा काळाच राहतो. बोर्ड रॅमची ओळख करून घेत असतो. घाबरून प्लग उपटू नका, चहा करून या.

चित्र आलं की बायोसमध्ये जा आणि एक्सएमपी किंवा एक्सपो, म्हणजे रॅमला तिच्या जाहीर वेगावर चालवणारी सेटिंग, चालू करा. हे केलं नाही तर ३२०० ची म्हणून घेतलेली डीडीआर४ रॅम २१३३ किंवा २४०० वर रांगत राहते आणि तुम्हाला कळतही नाही. विंडोजमधल्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर वेग दिसतो, तिथे खात्री करा. मग विंडोज, चिपसेटचा ड्रायव्हर, ग्राफिक्सचा ड्रायव्हर, याच क्रमाने.

## ८. सिम्युलेटर लावताना घोडं कुठे पेंड खातंय ते बघा

मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये डेव्हलपर मोड चालू केला की वरच्या पट्टीतून फ्रेमची चौकट उघडता येते. एक्स-प्लेनमध्ये डेटा आउटपुटमधून फ्रेम रेट निवडला की प्रोसेसरचा आणि ग्राफिक्सचा वेळ वेगवेगळा दिसतो.

प्रोसेसर अडत असेल तर जमिनीचा तपशील किती लांबपर्यंत दिसावा तो आकडा, म्हणजे टेरेन लेव्हल ऑफ डिटेल, कमी करा आणि इतर विमानांची, गाड्यांची वर्दळ घटवा. ग्राफिक्स कार्ड अडत असेल तर ढग, सावल्या आणि रिझोल्यूशन. एका दुखण्याचं औषध दुसऱ्याला देऊन उपयोग नाही. ढग कितीही पातळ केलेत तरी मेन थ्रेडला त्याची गंधवार्ता नसते. मी पहिल्या मशीनवर हेच करत होतो.

तुलना करताना प्रत्येक वेळी तेच विमान, तोच विमानतळ, तीच वेळ, तेच हवामान ठेवा आणि एका वेळी एकच सेटिंग बदला. मग फ्रेम ३० वर बांधून टाका.

डीएलएसएस किंवा एफएसआरने (कमी ठिपक्यांत काढलेलं चित्र मोठं करून दाखवणारी तंत्रं) फ्रेम वाढतात हे खरं, पण काचेच्या, म्हणजे काट्यांऐवजी पडदे असलेल्या, कॉकपिटमधले आकडे पुसट होतात किंवा हलताना मागे शेपूट सोडतात. लहान विमानात, गोल काट्यांच्या घड्याळांसमोर, ते चालून जातं. एअरबसमध्ये मला ते सहन होत नाही.

## ९. हातातलं यंत्र

सुरुवातीला पिळता येणारी दांडी असलेली जॉयस्टिक घ्या. दांडी पिळली की रडर, म्हणजे शेपटीवरचं सुकाणू, फिरतो, पेडलचा खर्च टळतो. योक, म्हणजे विमानातल्यासारखं स्टिअरिंग, दिसायला छान, पण टेबलाला पक्का अडकत नसेल तर वैताग. डोकं फिरवून आजूबाजूला बघण्यासाठी महागडं यंत्र लगेच लागत नाही. ओपनट्रॅक हा मोफत प्रोग्रॅम साध्या वेबकॅमवर तुमचं डोकं ओळखतो. धावपट्टीशी काटकोनात उडताना नुसती मान वळवून ती बघता येणं, हा माझ्या लेखी कुठल्याही ग्राफिक्स सेटिंगपेक्षा मोठा फरक.

शेवटचा सापळा विंडोजचा. वीज वाचवायला ते यूएसबीची उपकरणं मधेच झोपवतं. लांबच्या प्रवासात दोन तास ऑटोपायलटवर गेले, उतरायच्या वेळी दांडी हलवली आणि विमान ढिम्म. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबवर जा, पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची परवानगी देणारी खूण असते, ती प्रत्येक हबवरून काढा. पॉवर प्लॅनमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंडही बंद करा. जॉयस्टिक, थ्रॉटल, पेडल अशी तीन उपकरणं झाली की स्वतःचा ॲडॉप्टर असलेला हब घ्या, आणि कोणतं उपकरण कुठल्या भोकात जातं त्याची चिठ्ठी चिकटवून ठेवा. जागा बदलली की कधीकधी सगळी बटणं पुन्हा नेमून द्यावी लागतात.